तिसरा मजला, लिफ्ट नाही: घरात अडकून पडलेले नव्वद दिवस कसे काढावेत

जुलै २०२३ मध्ये, भर पावसात, ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि गुडघ्याच्या लगेच खालचं हाड मोडलं. प्लेट आणि स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, उजव्या पायावर बारा आठवडे अजिबात भार द्यायचा नाही. आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. १७ जुलैला चौघांनी मला खुर्चीत बसवून वर आणलं. स्वतःच्या पायांनी मी खाली उतरले ती १५ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या नव्वद दिवसांत दोनदाच खाली गेले, एक्स-रेसाठी, तेही खुर्चीतूनच. हे सकाळी सव्वासातला लोकल गाठायला बाहेर पडतात आणि रात्री आठला येतात. मुलगी पुण्याला शिकते. म्हणजे रोजचे जवळजवळ तेरा तास घरात मी एकटी.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, टाके कधी काढायचे ते होतं, पुढच्या एक्स-रेची तारीख होती. ते तेरा तास कसे काढायचे याबद्दल एक ओळही नव्हती. ती मी इथे लिहिते आहे. तुमचा पाय मोडलेला नसेल. कुणाला गरोदरपणात पडून राहायला सांगितलेलं असतं, कुणाची केमो चालू असते, कुणाचे गुडघेच जिना चढू देत नाहीत. यातलं बरंचसं त्यांनाही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘वेळ घालवायचाय’ असं मनात धरून बसलात की वेळ जाता जात नाही. घरातलं किंवा इमारतीतलं एखादं तरी काम असं हवं, जे तुमच्यावाचून अडेल. मला हे कळायला तीन आठवडे लागले. तुम्ही पहिल्या आठवड्यातच सुरुवात करा.

घरी येण्याआधीची तयारी

रुग्णाची खाट आतल्या खोलीत टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. शक्य असेल तर तसं करू नका. मी हट्टाने खाट बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराशी घ्यायला लावली. तिथून घराचं दार दिसतं, रस्ता दिसतो, समोरच्या इमारतीत कुणी कपडे वाळत घातले ते दिसतं. आतल्या खोलीत भिंत आणि पंखा, एवढंच दिसलं असतं. येणाजाणाऱ्यांपासून आडोसा हवा असेल तर दोरीवर एक जुनी साडी टाकली की झालं.

खाटेची उंची बघा. काठावर बसल्यावर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. खाट बुटकी असेल तर सुताराकडून पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे करून घ्या, नुसत्या विटा सरकतात. वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची हे सगळं विकत घेऊ नका. बहुतेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या सेवाभावी संस्था असतात. अनामत रक्कम ठेवायची, नाममात्र भाडं द्यायचं, काम झालं की वस्तू परत करायची. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची पहिल्या दिवसापासून हवीच.

जमिनीवरची पायपुसणी, सतरंज्या, मोकळ्या वायरी उचलून ठेवा. वॉकरचा पाय पायपुसण्यात अडकतो आणि माणूस दुसऱ्यांदा पडतो.

वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्या दिवशी मी ओट्यापाशी लंगडत गेले, चहा केला, कपात ओतला आणि मग लक्षात आलं की कप खाटेपर्यंत न्यायला हातच नाही. ओट्याला टेकून, एका पायावर उभी राहून तो चहा प्यायले. संध्याकाळी ह्यांनी वॉकरच्या पुढच्या दांडीला दोन कापडी पिशव्या शिवून लावल्या. एकीत घट्ट झाकणाची बाटली आणि थर्मास, दुसरीत मोबाइल, चष्मा, रुमाल. त्या दिवसापासून मी चहा बसून प्यायला लागले.

घराची एक किल्ली शेजारी द्या. दाराला आतून कडी लावून एकटीने बसू नका, लॅच असू द्या. मोबाइल न्हाणीघरातसुद्धा बरोबर हवा, आणि शेजारच्या वहिनींचा नंबर एका बटणावर.

वार हरवू देऊ नका

मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ साली घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत जाऊन दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती. पंचवीस दिवस हरवले होते. आपल्याकडे खिडकी आहे, घड्याळ आहे, तरीही दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी कचऱ्याच्या गाडीची वाट बघत बसले आणि तो रविवार निघाला. एवढ्याशा गोष्टीने मला रडू आलं.

शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते जागेवर येतं. अंधाऱ्या खोलीत पडून राहिलं की ते सरकत जातं. मग रात्री दोनला टक्क जाग आणि दुपारी ग्लानी. म्हणून उठल्याबरोबर पडदे सारा आणि अर्धा तास उजेडात बसा. मी हे आकाशवाणीच्या बातम्यांशी बांधून टाकलं. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आत उशा रचून, पाठ टेकून, गॅलरीकडे तोंड करून बसलेलं असायचं. रेडिओ नसेल तर मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे. टीव्हीच्या बातम्या दिवसभर संपत नाहीत, रेडिओच्या दहा मिनिटांत संपतात आणि पुढच्या कामाला मोकळं करतात.

नऊच्या आत अंघोळ, किंवा निदान अंग पुसणं. रात्रीचा गाऊन काढून दिवसाचे कपडे घालायचेच. केस विंचरायचे, टिकली लावत असाल तर लावायची. खाटेवरची चादर झटकून घट्ट घालायची आणि दिवसा खाटेवर न लोळता पाय स्टुलावर उंच ठेवून खुर्चीत बसायचं. खाट फक्त झोपेसाठी राहिली पाहिजे. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत, गजर लावून.

प्रत्येक वाराला एक ठरलेलं काम द्या. माझं असं होतं: सोमवारी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, मंगळवारी मावशीला फोन, बुधवारी डोक्याला तेल आणि नखं, गुरुवारी चार वाजता पाहुण्यांची वेळ, शुक्रवारी बिलं आणि बँक, शनिवारी भाजीचा हिशेब. रविवारी काहीही ठरवायचं नाही. त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला होता. सगळा महिनाच दुप्पट लांब झाल्यासारखं वाटायचं. पण मंगळवार मंगळवारासारखा आणि शुक्रवार शुक्रवारासारखा वाटत राहिला, तो या कामांमुळे.

अंग चालतं ठेवायचं

इथे तुमच्या डॉक्टरांचा आणि फिजिओचा शब्द शेवटचा. मी करत होते ते सांगते.

दर तासाला दोन्ही पायांचे पंजे वीस वेळा पुढे-मागे, शिवणाचं मशीन चालवतो तसे. याने पोटऱ्यांतलं रक्त फिरतं राहतं. ते साचलं तर गुठळी होऊ शकते. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, लाल दिसली, दाबल्यावर दुखली तर ‘बघू उद्या’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा स्नायू किती भराभर वितळतो ते शिंप्याची टेप लावून बघितलं तेव्हा मला धक्का बसला. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात. सगळं अंग वॉकरवर तोलायचं असतं, तेव्हा दंड मजबूत हवेत. पडून असाल तर दर दोन तासांनी कूस बदला, खुर्चीत असाल तर त्याहून लवकर बूड उचलून जागा बदला. माकडहाडापाशी लाली दिसली आणि बोट दाबून सोडल्यावरही ती गेली नाही, तर तिथे जखम सुरू होते आहे असं समजा. उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसा. पडून-पडून रक्तदाब आळसावतो, एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

उन्हाबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण ज्या किरणांनी ते तयार होतं ती काच अडवते. खिडकी उघडा किंवा गॅलरीत बसा, हात-पाय उघडे ठेवून, ऊन कोवळं नसताना, म्हणजे दहानंतर. पावसाळ्यात ते मिळणार नाही, तेव्हा डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा.

पाणी आणि पोट

संडासापर्यंत जाण्याचा त्रास नको म्हणून अडकलेली माणसं पाणी पिणं कमी करतात. मीही केलं. पाचव्या दिवशी पोट गच्च आणि लघवीला जळजळ. सकाळी दोन लिटरचा जग भरून डोळ्यांसमोर ठेवा आणि संध्याकाळी सहापर्यंत तो रिकामा झालाच पाहिजे असं धरा. नंतर कमी प्या, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही पोट धरतं. इसबगोल घ्यायचा तर वर पूर्ण पेलाभर पाणी, नाहीतर तो उलट अडकून बसतो.

हाड जुळायला नुसतं दूध पुरत नाही, प्रथिनं लागतात. मटकीची, हरभऱ्याची उसळ, घट्ट वरण, अंडं, दही, चालत असतील तर मासे. ‘भूक नाही’ म्हणून दुपारी चहा-बिस्किटांवर भागवायचं, हा एकट्या माणसाचा नेहमीचा मार्ग. तो बंद करण्यासाठी आम्ही दुपारचा डबा सकाळीच ताटासकट मांडून ठेवायला लागलो, वर जाळी. मांडलेलं ताट दिसलं की माणूस जेवतो.

टोपली

पहिल्या आठवड्यात मला भेटायला तीसेक माणसं आली. दुसऱ्या आठवड्यात सात-आठ. तिसऱ्यात कुणीच नाही. लोकांचं प्रेम आटलेलं नसतं. ‘काही लागलं तर सांगा हं’ असं ते मनापासून म्हणून जातात, आपण ‘हो हो’ म्हणतो, आणि दोघंही वाट बघत बसतात. ‘कधीही या’ म्हटलं की कुणी येत नाही. ‘गुरुवारी चारला या, येताना अर्धा लिटर दूध आणा’ म्हटलं की माणूस येतो, कारण त्याला वेळ कळते आणि निमित्त मिळतं. मागायची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे डबे पोचवले, कुणाकडून मागवले नाहीत. पण दूध आणून देणारीच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, तिला बरं वाटत होतं.

मग टोपली आली. वेताची जुनी टोपली, तिच्या कडांना चार दोऱ्या बांधून वर एक गाठ, आणि तिथून खाली पस्तीसेक फुटांची नायलॉनची दोरी. दोरीचं दुसरं टोक गॅलरीच्या गजाला पक्कं बांधलेलं. सकाळी दहाच्या सुमारास भाजीवाले भय्या गाडी घेऊन खालून आवाज द्यायचे. मी वॉकरने गॅलरीत जायची, खुर्चीत बसायची, टोपलीत पैसे आणि चिठ्ठी ठेवून हळूहळू दोरी सोडायची. ते मेथीची जुडी वर धरून दाखवायचे, मी मान हलवायची. ‘ताई, आज वालाच्या शेंगा बघा.’ भाजी टोपलीत, वर सुटे पैसे मिरच्यांच्या पुडीत बांधून. मग हात मागे-पुढे करत ओढायची. दोरी तळव्याला काचायची. दुसऱ्या मजल्याच्या पत्र्याच्या छज्जापाशी टोपली दरवेळी अडायची, तिथे दोरी एक झटका देऊन बाहेर झुलवावी लागायची. एकदा त्या झटक्यात दोन टोमॅटो निसटून खाली गेले आणि इस्त्रीवाल्याच्या पोराने ते झेलून परत टोपलीत टाकले.

त्या पाच मिनिटांत मी घासाघीस करायची, भाव कळायचे, रस्त्यावर कोण आलं-गेलं कळायचं. चार दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या नोकरी करणाऱ्या सूनबाईंनी विचारलं, ‘काकू, माझी पण भाजी घेऊन ठेवाल?’ मग पहिल्या मजल्याने विचारलं. सप्टेंबरपर्यंत पाच घरांची भाजी मी गॅलरीतून घेत होते. प्रत्येकाची पिशवी वेगळी, वहीत प्रत्येकाचं पान वेगळं, आणि शनिवारी संध्याकाळी हिशेब. माझ्याकडे हिशेब चुकते करायला माणसं येऊ लागली आणि तासभर बसू लागली. विचारपूस करायला येणाऱ्याला दहा मिनिटांत काय बोलावं कळेनासं होतं. कामासाठी आलेला मात्र निवांत बसतो.

गॅलरी नसेल तर दुसरं काम शोधा. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचे फोन करणं, गॅसचे नंबर लावणं, शेजारच्यांची कुरिअर घेऊन ठेवणं, परीक्षा असणाऱ्या पोरांना पहाटे फोन करून उठवणं, हे सगळं खुर्चीत बसून होतं. समोरच्या घरातल्या तिसरीतल्या मुलाचे पाढे मी घेत होते. तो शाळेतून आला की बूट न काढता दारातच उभा राहून सतराचा म्हणायचा आणि पळायचा. मला वाटतं, त्या तीन महिन्यांत मला सगळ्यात जास्त औषध त्याने दिलं.

मुलीला मी रोज ‘जेवलीस का’ विचारायची आणि ती रोज ‘पाय कसा आहे’ विचारायची. दोघींनाही त्याचा कंटाळा आला होता. मग तिने फोन कट्ट्यावर उभा करून ठेवायचा आणि मी इकडून सांगत जायचं असं सुरू केलं: आधी वरण, मग आमटी, मग भरली वांगी. पंधरा मिनिटं, पण त्यात सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

घरात येणाऱ्या माणसाबद्दलही थोडं. तेरा तास गप्प बसलेलं माणूस दार उघडताच बोलायला लागतं, आणि लोकलमधून लोंबकळत आलेल्या माणसाला आधी पाणी हवं असतं. आमची यावरून दोनदा कडाक्याची भांडणं झाली. नंतर ठरवलं की आल्यावर वीस मिनिटं मी काही बोलायचं नाही, आणि जेवणानंतरचा अर्धा तास त्यांनी मोबाइल न बघता माझ्यापाशी बसायचं. जो काळजी घेतो तोही दमतो. महिन्यातून एक रविवार नणंदबाई येऊन राहायच्या आणि ह्यांना मी घराबाहेर पाठवायची, मित्रांकडे, कुठेही.

हात आणि मोबाइल

संपणारं काहीतरी काम हाताला हवं. मी जुन्या सुती साड्यांची गोधडी घेतली. रोज सकाळी अकरा ते बारा, रोज एक वीत धावदोरा. काल कुठे थांबलो आणि आज कुठवर आलो हे गोधडीवर बोट ठेवून दाखवता येतं. तुम्ही विणकाम घ्या, आईच्या पाककृतींची वही नीट उतरवून काढा, जुने फोटो तारखा-नावं घालून लावा, पेटी शिका. एकच घ्या. चार गोष्टी सुरू करून ठेवल्या की चारही अर्धवट डोळ्यांसमोर राहतात.

मोबाइल एकट्या माणसाचा मोठा आधार आहे, पण त्याची जागा ठरवा. चार्जर मी मुद्दाम स्वयंपाकघरात लावला. सकाळच्या बातम्यांपासून दुपारच्या जेवणापर्यंत फक्त फोन घेणं-करणं. व्हिडिओ जेवणानंतर तासभर. रात्री दहानंतर तो खाटेपासून हातभर लांब, वाजला तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

पंचेचाळिसाव्या दिवसानंतर

सुरुवातीचे दिवस कठीण जातील आणि मग सवय होईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. अर्धी वाट ओलांडल्यावर मी खचले. अंटार्क्टिकात आणि तशाच तुटलेल्या ठिकाणी महिनोन्‌महिने राहणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी १९९१ साली यावर लिहिलं होतं. एकूण मुदतीच्या तिसऱ्या पावात उमेद सगळ्यात खाली जाते, मग ती मुदत दोन महिन्यांची असो की वर्षाची, असं त्यांचं म्हणणं. अर्धं झालं याचा आनंद ओसरतो आणि अजून तेवढंच उरलंय हे दिसायला लागतं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे तसंच आढळलं असं नाही. माझ्या बाबतीत ते अगदी दिवस मोजून खरं झालं. नव्वदचा तिसरा पाव म्हणजे शेचाळीस ते अडुसष्ट. चौसष्टाव्या दिवशी, १९ सप्टेंबरला, गणपती आले. खालून ताशाचा आवाज येत होता, घरोघरी पाटावरून मूर्ती येत होत्या, आणि आमच्या घरी दरवर्षी मी करते ते मोदक शेजारून आले. मी गोधडी घडी करून ठेवली. सहा दिवस तिला हात लावला नाही. पाढे घेतले नाहीत, केस विंचरले नाहीत.

म्हणून कॅलेंडरवर तुमचा तिसरा पाव आजच रेघ मारून दाखवून ठेवा. दोन माणसांना आधीच सांगून ठेवा: ‘या दिवसांत मी फोन उचलला नाही तरी घरी या.’ त्या दिवसांत वेळापत्रक मोडू नका, अर्धं करा. माझ्यासाठी तीनच गोष्टी ठेवल्या होत्या: उजेडात बसणं, अंघोळ, आणि एका माणसाशी बोलणं. मला त्यातून बाहेर काढलं ते भाजीच्या वहीने. दोन घरांचे पैसे जुळत नव्हते आणि ते माझ्याशिवाय कुणाला सोडवता येत नव्हते. शनिवारी मला वही उघडावीच लागली.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप किंवा भूक पार बिघडली, तर तो नुसता कंटाळा समजू नका. पायाला डॉक्टर लागतो तसा यालाही लागतो. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर खाटेजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. वाईट दिवशी तो शोधायचं त्राण नसतं.

बँक आणि दाखले

थोडक्यात सांगते. सत्तरीपुढच्या आणि आजारी-अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना दिले आहेत. शाखेत फोन करून विचारा. पेन्शनीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ओटीपी मात्र मदतीला आलेल्या कुणालाही सांगू नका, माणूस कितीही चांगला असो.

खाली उतरणं

एक्स-रेसाठी जाताना प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, तिचे पाय वाकतात. हातांची, भक्कम, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या आणि ओढणीने किंवा जुन्या साडीने माणसाला कमरेशी खुर्चीला बांधा. उतरताना तोंड खालच्या बाजूला, खुर्ची थोडी मागे कललेली, दोघं मागून पाठ धरणारे आणि दोघं पुढचे पाय धरणारे. चढतानाही तोंड खालीच, म्हणजे उलटं न्यायचं. हुकूम एकानेच द्यायचा. आमच्याकडे तो इस्त्रीवाल्यांनी घेतला आणि प्रत्येक वळणावर ‘थांबा’ म्हणत गेले.

भार द्यायची परवानगी मिळाली की लगेच जिन्याकडे धावू नका. फिजिओने माझ्याकडून चार दिवस फक्त वरच्या चार पायऱ्या करून घेतल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एक हात कठड्याला, दुसऱ्यात कुबडी, आणि धरायला माणूस एक पायरी खाली. पहिल्या दिवशी इमारतीच्या दारात दहा मिनिटं बसून परत या. रिक्षांचे आवाज, उजेड, गर्दी अंगावर येते. तीन महिन्यांनी ते होणारच, त्याला घाबरू नका. मी खाली पोचले तेव्हा भय्यांनी गाडी थांबवून मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही एवढ्या उंच आहात होय!’ त्यांनी मला कधी उभी पाहिलंच नव्हतं.

आणि जायच्या आधी प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक स्टूल ठेवायला सांगा. चोपन्न पायऱ्या एका दमात होत नाहीत, आणि टेकायला जागा आहे हे ठाऊक असलं की पुढची पायरी होते. आमचं दुसऱ्या मजल्यावरचं स्टूल अजून तिथेच आहे. चौथ्या मजल्यावरचे आजोबा सकाळी दूध घेऊन येताना त्यावर बसतात.